बारामती-इंदापूरहून वासोटा : व्याघ्र प्रकल्पातील एका दिवसाच्या खड्या चढाईचे नियोजन कसे करावे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जमीन मुख्यतः सपाट आहे. उसाचे फड, नीरा डावा कालवा, माळरान आणि उजनीचे पाणलोट असा हा मुलूख आहे. येथून पश्चिमेला चार तासांच्या अंतरावर कोयनेचे घनदाट जंगल सुरू होते. त्या जंगलात उभा असलेला वासोटा किल्ला गेल्या काही वर्षांत या भागातील तरुण मंडळी, शिक्षक, बँक कर्मचारी आणि कुटुंबांच्या सुट्टीच्या यादीत आला आहे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी बामणोलीच्या धक्क्यावर जिल्ह्याबाहेरच्या गाड्यांची रांग लागते.

वासोट्याची चढाई एका दिवसात होते. मात्र ती सिंहगडासारखी 'सकाळी उठलो आणि निघालो' अशी नाही. मध्ये धरणाचे पाणी आहे, वनखात्याची परवानगी आहे, मोबाईलला रेंज नाही आणि अंधार पडण्यापूर्वी जंगलातून बाहेर पडण्याची सक्ती आहे. या लेखात बारामती-इंदापूरच्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून या दिवसाचे नियोजन टप्प्याटप्प्याने समजावून घेऊ.

वासोटा नेमका कुठे आहे?

वासोटा सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या मुख्य कड्यावर आहे. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,१७१ मीटर आहे. पूर्वेला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि पश्चिमेला कोकणात उतरणारे सरळसोट कडे, अशी त्याची जागा आहे. किल्ल्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. जावळी स्वराज्यात आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी हा गड घेतला आणि त्याला हे नाव दिले, असे सांगितले जाते. दुर्गम असल्यामुळे गडाचा उपयोग पुढे तुरुंग म्हणून झाला. राजापूरच्या वखारीतील काही इंग्रज कैदी येथे ठेवले होते. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध हा गड अनेक महिने लढवला. १८१८ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

हे राष्ट्रीय उद्यान आहे की अभयारण्य?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. वासोटा कोयना वन्यजीव अभयारण्यात येतो. त्याच्या दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या दोन्ही जंगलांचा मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जी ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे.

चांदोली राष्ट्रीय उद्यानात प्रचितगड आहे. तेथे जाणारी प्रचलित वाट कोकणातील संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून चढते. बारामतीकरांना ती फार लांब पडते. त्यामुळे एका दिवसात व्याघ्र प्रकल्पातील खडी चढाई करायची असेल तर वासोटा हाच जवळचा पर्याय ठरतो.

नावे वेगळी असली तरी पर्यटकाच्या दृष्टीने नियम सारखेच आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. आग लावणे, विनापरवाना शस्त्र नेणे, झाडे-प्राण्यांना इजा करणे हे गुन्हे आहेत. 'आम्ही फक्त चहा करत होतो' हे कारण चालत नाही. चूल पेटवणे म्हणजे आग लावणेच.

चढ किती आहे?

किल्ल्याची उंची १,१७१ मीटर असली तरी तेवढे चढायचे नसते. शिवसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी सुमारे ६५९ मीटरवर असते. पाणी उतरले की धक्का थोडा खाली जातो. म्हणजे प्रत्यक्ष चढ साधारण ५०० ते ५५० मीटर. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेइतकाच हा चढ आहे.

मग वासोटा अवघड का वाटतो? पहिले कारण हवा. बारामतीत वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोयनेच्या खोऱ्यात त्याच्या जवळपास दहापट. जंगल दाट आहे, हवा दमट आहे, वारा लागत नाही. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, इथे तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. दुसरे कारण वाट. सुरुवातीचा भाग ओढ्याच्या दगडांतून जातो, मग झाडांच्या मुळ्यांची पायरी-पायरी, आणि शेवटी उघड्यावरचा खडा चढ. तिसरे कारण म्हणजे मधे कुठे टपरी नाही, सावलीत बसून लिंबू सरबत मिळत नाही. जे लागेल ते पाठीवर न्यावे लागते.

किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी गिर्यारोहक एक जुना आडाखा वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. वासोट्याची एका बाजूची वाट चार-पाच किलोमीटरची धरली तर हिशेब पावणेदोन ते दोन तासांवर येतो. पण हा आडाखा सरावलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. दहा-बारा जणांच्या मिश्र गटाने पावणेतीन तास धरावेत. उतरायला दोन तास.

दिवसाचा हिशेब उलटा मांडावा

बहुतेक गट सकाळी किती वाजता निघायचे यापासून नियोजन सुरू करतात. इथे उलट करावे लागते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. किल्ल्यावर आणि जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. बोटीचा परतीचा प्रवास उजेडातच व्हायला हवा. म्हणून शेवटच्या वेळेपासून मागे येत जावे.

- संध्याकाळी ५.३० : बोट बामणोलीच्या धक्क्यावर परत. अर्धा तास राखीव.
- दुपारी ४.०० : मेट इंदवलीच्या काठावरून बोट सुटणार. पाण्यावरचा प्रवास साधारण दीड तासाचा.
- दुपारी २.०० : गडावरून उतरायला सुरुवात.
- दुपारी १२.४५ : गडमाथ्यावर पोहोचायची वेळ. वर सव्वा तास.
- सकाळी १०.०० : मेट इंदवलीहून चढायला सुरुवात. त्याआधी वनखात्याची तपासणी, १५ मिनिटे.
- सकाळी ८.१५ : बामणोलीहून बोट सुटणार.
- सकाळी ७.३० : बामणोलीत हजर. परवानगी, ओळखपत्रे, बोट ठरवणे यांसाठी पाऊण तास.

आता यात बारामतीचा रस्ता मिळवू. बारामती-फलटण-सातारा हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली आणखी ३५ ते ४० किलोमीटर, आणि तो रस्ता घाटाचा व वळणांचा आहे. थांबे धरून साडेतीन ते चार तास लागतात. म्हणजे बारामतीहून पहाटे साडेतीनला निघावे लागेल. इंदापूर बारामतीपासून ५० किलोमीटरवर आहे, तेव्हा इंदापूरकरांना सव्वादोनला.

परतीचा हिशेबही असाच आहे. सहा वाजता बामणोली सोडली तर बारामतीत पोहोचायला रात्रीचे दहा, इंदापूरला अकरा वाजून जातात. यात गाडी चालवणारा माणूसही गटासोबत गड चढून आलेला असतो. पहाटे दोनला उठलेला, पाच तास चढ-उतार केलेला आणि अंधारात कासचा घाट उतरणारा चालक ही या सहलीतली सर्वांत मोठी जोखीम आहे. जंगलातल्या गव्यापेक्षा किंवा अस्वलापेक्षा ती कितीतरी जास्त खरी आहे.

म्हणून बारामती-इंदापूरहून जाणाऱ्यांसाठी वासोटा 'एका दिवसाचा' असला तरी सहल दीड दिवसाची धरावी. शनिवारी दुपारी निघून साताऱ्यात किंवा बामणोली परिसरात मुक्काम, रविवारी चढाई. बामणोली परिसरात राहण्या-जेवण्याची घरगुती सोय होते, ती आधी ठरवून ठेवावी. ते जमत नसेल तर गड न चढणारा वेगळा चालक घ्यावा. दिवसभर बामणोलीत झोप काढलेला चालक हा खर्च नव्हे, विमाच आहे.

एसटीने जायचे तर बारामती किंवा इंदापूरहून आदल्या दिवशी सातारा गाठावे. साताऱ्याहून बामणोलीला एसटी जाते. तिच्या वेळा सातारा बसस्थानकावर विचारून मगच बेत पक्का करावा. एसटीच्या भरवशावर त्याच दिवशी परत घरी येण्याचा विचार करू नये.

कोणत्या महिन्यात जावे?

पावसाळ्यात वासोटा बंद असतो. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धानंतर प्रवेश सुरू होतो. प्रत्येक महिन्याचा स्वभाव वेगळा आहे.

- ऑक्टोबर-नोव्हेंबर : जंगल हिरवेगार, ओढ्याला पाणी. पण वाट निसरडी असते आणि जळवा असतात. 'ऑक्टोबर हीट'मुळे दुपारचा चढ दमवतो.
- डिसेंबर-जानेवारी : सर्वांत चांगला काळ. हवा थंड, आकाश स्वच्छ. दिवस मात्र लहान आणि गर्दी मोठी. नाताळाची सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळावेत.
- फेब्रुवारी : दिवस थोडा मोठा, गर्दी कमी. बारामती-इंदापूरच्या गटांसाठी हा महिना सोयीचा.
- मार्च ते मे : ओढे आटतात, वणव्याचा धोका वाढतो. उघड्यावरचा शेवटचा टप्पा भर दुपारी तापतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव आणि वादळी वारे येतात, आणि ते पाण्यावर फार धोकादायक असतात.

प्रवेशाचे दिवस, शुल्क आणि बंदीच्या तारखा वनखाते वेळोवेळी बदलते. थर्टी फर्स्टसारख्या दिवशी विशेष निर्बंध असू शकतात. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी बामणोलीच्या वन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. मित्राने मागच्या वर्षी सांगितलेल्या माहितीवर बारा माणसांची गाडी काढू नये.

परवानगी आणि तपासणी

बामणोलीच्या वन कार्यालयात गटातील प्रत्येकाचे नाव नोंदवून शुल्क भरावे लागते. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र आणि त्याची एक छायांकित प्रत जवळ ठेवावी. गटप्रमुखाकडे सर्वांची नावे, वय आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन नंबर असलेली यादी असावी. हीच यादी घरी एखाद्याकडेही ठेवावी.

मेट इंदवलीच्या काठावर पुन्हा तपासणी होते. सामानातील प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटे यांची नोंद घेतली जाते आणि परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवाव्या लागतात. यावर सोपा उपाय म्हणजे प्लास्टिक न्यायचेच नाही. स्टीलची बाटली, कापडी पिशवी आणि घरचा डबा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, खजूर हा प्रवासाचा शिधा वेफर्सच्या पाकिटांपेक्षा पोटाला जास्त वेळ पुरतो आणि मागे कचरा ठेवत नाही. दारू आणि धूम्रपान यांना बंदी आहे.

मेट इंदवली हे नाव गावाचे असले तरी तिथे आता गाव नाही. कोयना धरणामुळे आणि नंतर अभयारण्यामुळे या खोऱ्यातली अनेक गावे उठली. पळसदेवचे जुने मंदिर उजनीच्या पाण्यातून वर येताना पाहिलेल्या इंदापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वाटेवर दिसणारे जोते, देवाची मूर्ती, जुन्या बांधाचे दगड हे कोणाच्या तरी घराचे अवशेष आहेत. त्यावर नावे कोरू नयेत.

बोटीचा प्रवास : सर्वांत दुर्लक्षित टप्पा

वासोट्याच्या चर्चेत चढ, जंगल, प्राणी सगळे येते, पण येता-जाता मिळून तीन तास पाण्यावर काढायचे असतात हे विसरले जाते. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, म्हणजे ११७ टीएमसीच्या उजनीपेक्षा किंचितच कमी. फरक असा की उजनी पसरट आहे, शिवसागर डोंगरांच्या मधून लांबच लांब गेलेला आणि खोल आहे.

पाणी शांत दिसते म्हणून ते सुरक्षित असतेच असे नाही. हे इंदापूर तालुक्याने अनुभवले आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उजनीच्या पात्रात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला लागला. या दुर्घटनेतून तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

१. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नये. जॅकेट बाकाखाली असून उपयोग नाही. ते अंगात, पट्टे बांधून असावे. लहान मुलांना मापाचे जॅकेट मिळते का, हे बोट ठरवतानाच विचारावे.

२. क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. बोट सहसा पूर्ण गटासाठी ठरवली जाते. पैसे वाचवण्यासाठी दोन गट एकाच बोटीत कोंबणे म्हणजे स्वतःहून धोका ओढवून घेणे.

३. वाऱ्याचा निर्णय नावाड्याचा. तो 'थांबा' म्हणाला तर थांबावे, 'आत्ताच निघू' म्हणाला तर निघावे. त्याच्याशी घासाघीस भाड्याची करावी, हवामानाची नाही.

बोट ठरवताना परतीची वेळ स्पष्ट बोलून घ्यावी. बोट काठावर थांबणार की परत जाऊन येणार, हेही विचारावे. नावाड्याचे नाव आणि बोटीचा क्रमांक लिहून घ्यावा. वरून फोन लागणार नाही, त्यामुळे सकाळी ठरलेली वेळ हाच दोघांमधला करार असतो.

वाट कशी आहे?

काठावरून निघाल्यावर थोड्याच वेळात ओढा आणि त्याजवळ गणपती-मारुतीच्या मूर्ती लागतात. इथे पाणी असेल तर चेहरा धुवावा, टोपी भिजवावी. पुढे दाट जंगल सुरू होते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य किंवा कडबनवाडीचे गवताळ रान पाहिलेल्यांना हे जंगल अगदी वेगळे वाटते. तिथे चिंकारा अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतो. इथे वळणापलीकडचा माणूसही दिसत नाही. म्हणून गट तुटू देऊ नये. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे दमदार आणि धीराचा माणूस, आणि मधे सर्वांत हळू चालणारे. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा.

जंगलात पुढे एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे फुटते. वासोटा आणि नागेश्वर दोन्ही एका दिवसात करण्याचा मोह अनेकांना होतो. वरचे वेळापत्रक पुन्हा पाहिले की लक्षात येईल, त्यात त्यासाठी जागाच नाही. सरावाच्या छोट्या गटानेच, तेही पहिल्या बोटीने पोहोचल्यास, असा विचार करावा. बाकीच्यांनी नागेश्वर पुढच्या खेपेला ठेवावा.

झाडी संपल्यावर शेवटचा चढ उघड्यावर येतो आणि पडक्या दरवाजातून गडात प्रवेश होतो. माथ्यावर मारुतीचे छप्पर नसलेले मंदिर, महादेवाचे मंदिर, वाड्याचे जोते, चुन्याची घाणी आणि पाण्याची टाकी आहेत. समोर जुना वासोटा दिसतो आणि दोन्हींच्या मधे बाबूकडा नावाचा अर्धगोल, काळाकभिन्न कडा आहे. कड्याच्या टोकावर वाळलेले गवत आणि सुटे दगड असतात. काठापासून दोन माणसांच्या अंतरावर थांबावे, वारा असेल तर बसूनच पाहावे. टोकावर पाठ करून फोटो काढू नये.

परत फिरण्याची वेळ

प्रत्येक गटाने निघण्यापूर्वीच एक वेळ ठरवावी. ती झाली की माथा कितीही जवळ असला तरी परत फिरायचे. वरच्या हिशेबात ती दुपारी १.१५ आहे. सव्वा वाजता पोहोचलेल्यांना वर पाऊण तास मिळतो. त्यानंतर पोहोचणाऱ्यांना जेवायलाही वेळ उरत नाही आणि उतरण्याची घाई होते. मुरगळलेले घोटे आणि घसरून पडण्याचे प्रकार बहुतेक उतरतानाच होतात, कारण पाय थकलेले असतात आणि लक्ष बोटीकडे असते.

ही वेळ घरी, शांतपणे ठरवावी. 'आता इतके आलोच आहोत, अर्ध्या तासात होईल' हे वाक्य डोंगरात नेहमी उच्चारले जाते. त्या वेळी गटप्रमुखाला नाही म्हणणे सोपे जावे, म्हणून आकडा आधीच सर्वांना माहीत असावा. एखादा सदस्य मधेच थकला तर त्याला 'इथेच बस, आम्ही येतो' असे सांगून जंगलात एकटे सोडू नये. त्याच्यासोबत किमान एकाने खाली परतावे. शक्य असेल तर दोघांनी.

शरीराची तयारी : सपाटीच्या माणसांसाठी

संत तुकाराम महाराजांच्या पालखीसोबत बेलवाडीच्या रिंगणापासून पंढरपुरापर्यंत चालणारी अनेक माणसे या भागात आहेत. दिवसाला वीस किलोमीटर चालण्याचा दम त्यांच्याकडे असतो. पण सपाटीवर चालणे आणि चढणे-उतरणे यांत वेगळे स्नायू काम करतात. चढताना पोटऱ्या आणि हृदयावर ताण येतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचे वजन रोखून धरतात आणि गुडघे बोलू लागतात. कालव्याच्या रस्त्यावरची सकाळची फेरी चांगलीच, पण ती पुरेशी नाही.

चार आठवड्यांचा साधा सराव असा करता येतो.

- पहिला आठवडा : रोज ४० मिनिटे भरभर चालणे. इमारतीचा जिना पाच वेळा चढणे-उतरणे.
- दुसरा आठवडा : जिना दहा वेळा. रविवारी जेजुरीचा गड, शक्यतो कडेपठारापर्यंत.
- तिसरा आठवडा : पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन जिना. रविवारी फलटण तालुक्यातील ताथवड्याचा संतोषगड.
- चौथा आठवडा : हलका व्यायाम, भरपूर झोप. शेवटचे दोन दिवस विश्रांती.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी वर चढताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना चढाईतील एक गोष्ट माहीत असते : एकेक पाऊल, एकमेकांचा हात आणि एकच लय. धावत चढून दर दहा मिनिटांनी बसण्यापेक्षा, बोलता येईल इतक्या वेगाने न थांबता चालणे कमी दमवते.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. लहान मुलांबाबत वयापेक्षा सवय पाहावी. जे मूल जेजुरी-संतोषगड स्वतःच्या पायांनी चढते-उतरते तेच न्यावे. पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन निसरडी वाट उतरणे दोघांसाठीही धोक्याचे आहे.

पाठपिशवीत काय असावे?

- माणशी तीन लिटर पाणी. गडावरच्या टाक्यांवर किंवा ओढ्यावर भिस्त ठेवू नये.
- ओआरएसची चार पाकिटे, किंवा लिंबू, मीठ आणि साखर.
- दुपारचा डबा, गूळ-शेंगदाणे, दोन फळे.
- खोल नक्षीच्या तळव्याचे, आधी वापरलेले बूट. सँडल, चप्पल किंवा नवे कोरे बूट नकोत.
- पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट, टोपी. रंग मातकट किंवा हिरवे.
- विजेरी, जास्तीचे सेल, शिट्टी.
- प्रथमोपचार : क्रेप बँडेज, पट्ट्या, जंतुनाशक, नेहमीची औषधे.
- काठी. उतरताना तिचा गुडघ्यांना मोठा आधार होतो.
- जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचे पाणी, पायमोजे पँटवर ओढून.

प्राणी, मधमाश्या आणि साप

या जंगलात गवे, अस्वले, बिबटे, सांबर, शेकरू आहेत. ठरलेल्या वाटेवर, दिवसा, गटाने चालणाऱ्यांना ते सहसा टाळतात. गवा किंवा अस्वल दिसले तर थांबावे, आरडाओरडा न करता हळूहळू मागे यावे आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवावी. मोबाईल पुढे करून जवळ जाऊ नये.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मधमाश्यांचे हल्ले जास्त वेळा होतात. कड्यांना आणि उंच झाडांना आग्या मोहोळ असते. अत्तर, सेंट लावू नये, धूर करू नये, दगड मारू नयेत. माश्या उठल्या तर तोंड-डोके झाकून त्या जागेपासून दूर पळावे.

साप चावल्यास चावा कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो भाग न हलवता आधार द्यावा, माणसाला शक्यतो उचलून न्यावे आणि लवकरात लवकर दवाखाना गाठावा. इथे 'लवकर' म्हणजे किती, याचा विचार आधीच करावा. गडावरून खाली दोन तास, बोटीने दीड तास, आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालयापर्यंत रस्त्याने सव्वा तास. जवळपास पाच तास. मोठ्या शहरातल्या टेकडीवर चालणारा बेफिकीरपणा इथे का चालत नाही, त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

रेंज मिळाल्यावर उपयोगी पडणारे क्रमांक : रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन मदत ११२, वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

घरी काय सांगून जावे?

घरातल्या एका जबाबदार माणसाकडे चार गोष्टी लिहून द्याव्यात : गटातील सर्वांची नावे, गाडीचा क्रमांक, मुक्कामाच्या ठिकाणचा फोन आणि 'रात्री आठपर्यंत आमचा फोन आला नाही तर कोणाला कळवायचे' ही सूचना. बामणोलीत उतरल्यावर रेंज मिळताच पहिला फोन घरी करावा. दिवसभर फोन लागत नाही म्हणून घरचे घाबरू नयेत, यासाठी रेंज नसते हेही आधीच सांगावे.

थोडक्यात

- सहल दीड दिवसाची धरा. आदल्या रात्री सातारा किंवा बामणोली.
- प्रवेश सुरू आहे का, याची दोन-तीन दिवस आधी खात्री.
- मूळ ओळखपत्र, नावांची यादी, प्लास्टिकमुक्त सामान.
- बोटीत लाइफ जॅकेट अंगात, पट्टे बांधून.
- सकाळी दहाच्या आत चढाई सुरू. दुपारी सव्वा वाजता जिथे असाल तिथून परत.
- दुपारी चारला बोट. अंधारापूर्वी बामणोली.
- गाडी चालवणाऱ्याची झोप झाली आहे का, हे निघताना आणि परतताना विचारा. झाली नसेल तर साताऱ्यात थांबा. सोमवारी सकाळी लवकर निघूनही बारामतीत दुकान, शाळा किंवा बँक उघडण्याच्या वेळेला पोहोचता येते.